कोणतीही चिठ्ठी निघाली तरी

सप्टेंबर २०२२मध्ये पॅरिसला भरलेल्या युरोपीय कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे यांनी एका इंजेक्शनचे निष्कर्ष मांडले. औषध लिग्नोकेन, म्हणजे दात काढण्याआधी हिरडीत टोचतात तेच. स्तनाच्या गाठीची शस्त्रक्रिया सुरू होण्याआधी सात ते दहा मिनिटे ते गाठीच्या सभोवती टोचायचे, एवढाच प्रयोग. २०११पासून दहा वर्षांत देशातल्या अकरा रुग्णालयांमधल्या सोळाशे स्त्रियांची चिठ्ठी टाकून दोन गटांत विभागणी झाली. पाच वर्षांनंतर इंजेक्शन मिळालेल्या गटात हयात असलेल्यांचे प्रमाण ९०.१ टक्के होते, न मिळालेल्या गटात ८६.४ टक्के. फरक वाचायला किरकोळ वाटतो, पण हजार बायकांमागे तो सदतीस जीवांचा आहे, आणि औषध पेटंटच्या बंधनातून केव्हाच सुटलेले, स्वस्त. दुसऱ्या गटाला नुसते खारे पाणीही टोचलेले नव्हते, म्हणून हा निष्कर्ष इतरत्र पडताळून पाहावा असे काही तज्ज्ञ म्हणाले. म्हणणे रास्त आहे.

मला या हकिगतीत रस आहे तो वेगळ्या कारणाने. या सोळाशे जणींपैकी बहुतेक कुणी ही ट्रायल शोधत आली नसणार. त्या उपचारासाठी आल्या आणि ट्रायलने त्यांना गाठले. आपल्याकडे सर्वसाधारणपणे असेच घडते. बाई कुठल्या रुग्णालयाची पायरी चढते, त्यावर तिच्यापुढे संमतीपत्रक येणार की नाही हे ठरते. २०२२ साली भारतात स्तनकर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांचा अंदाज होता. यांतल्या बहुसंख्य स्त्रियांना ‘माझ्यासाठी एखादी ट्रायल आहे का’ हा प्रश्न विचारता येतो, हेच कुणी सांगत नाही. ज्या विचारतात त्या बहुधा फार उशिरा विचारतात.

घरात हा विषय निघाला की पहिले वाक्य ठरलेले असते: ‘म्हणजे आमच्या माणसावर प्रयोग करणार?’ या भीतीला खोटे म्हणण्यात अर्थ नाही. २००९-१०मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस मुलींना देण्याचा प्रकल्प झाला, त्यात वसतिगृहाच्या वॉर्डननीच पालकांच्या जागी सह्या केल्याचे बाहेर आले. संसदीय समितीने ताशेरे ओढले. दुसऱ्या एका जनहित याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये ट्रायल्सचा लगाम आवळला. तेव्हा संशय हवाच, पण तो दोन्ही बाजूंनी हवा. ट्रायल टाळून थेट ‘नवे औषध’ मिळवण्याचा हट्टही जिवावर बेतू शकतो, आणि त्याचा सगळ्यात मोठा पुरावा स्तनकर्करोगाच्याच इतिहासात आहे.

१९९०च्या दशकात अमेरिकेत एक कल्पना जोरात होती: किमोचा प्रचंड डोस द्यायचा आणि त्याने मरणारी अस्थिमज्जा रुग्णाच्याच आधी काढून ठेवलेल्या पेशींनी पुन्हा उभी करायची. ऐकायला पटण्यासारखी. ट्रायलमध्ये गेले तर चिठ्ठीत साधी किमो येण्याची शक्यता, म्हणून रुग्ण आणि डॉक्टर दोघेही ट्रायलला बगल देऊ लागले. विमा कंपन्यांनी नकार दिला तेव्हा खटले झाले. १९९३मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने एका मृत रुग्णाच्या बाजूने ८ कोटी ९० लाख डॉलरचा निवाडा दिला आणि कंपन्या नमल्या. वीस हजारांहून अधिक स्त्रियांनी हा उपचार ट्रायलबाहेर घेतला. ट्रायलमध्ये माणसे मिळेनात, म्हणून उत्तर यायला जवळजवळ दशक गेले. १९९९मध्ये निकाल आले तेव्हा फायदा नाही असेच दिसले. एकट्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्नर बेझवोडा यांच्या अभ्यासात फायदा दिसला होता, आणि २०००मध्ये तपासणी झाली तेव्हा तोही बनावट निघाला. कित्येक बायका आजाराने नाही, उपचाराने गेल्या.

उलट बाजूची गोष्ट अमेरिकी सर्जन बर्नार्ड फिशर यांची. संपूर्ण स्तन काढण्याऐवजी नुसती गाठ काढून रेडिएशन दिले तर पुरते का, हे पाहण्यासाठी त्यांच्या गटाने १९७६मध्ये ट्रायल सुरू केली. चिठ्ठीवर स्तन राहणार की जाणार हे ठरायचे, त्यामुळे सुरुवातीला रुग्ण जमता जमत नव्हते. तरी दोन हजारांवर स्त्रिया तयार झाल्या. वीस वर्षांचा हिशेब २००२मध्ये छापून आला तेव्हा दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक नव्हता. आज आपल्याकडे एखाद्या बाईला सर्जन ‘स्तन वाचवता येईल’ असे सांगतात तेव्हा त्यामागे त्या दोन हजार जणींची संमती आहे.

म्हणून ‘सगळे उपाय थकले की ट्रायल’ ही समजूत आधी टाकून द्यायला हवी. स्तनकर्करोगाच्या कित्येक चांगल्या ट्रायल्स पहिल्याच उपचाराच्या असतात, आणि बऱ्याच तर उपचार कमी करता येतो का हे तपासणाऱ्या. अमेरिकेतल्या टेलरएक्स या दहा हजार स्त्रियांच्या ट्रायलने २०१८मध्ये दाखवले, की हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या, काखेत न पसरलेल्या गाठींमध्ये जनुकीय चाचणीचा गुण मधला आला तर बहुतेकींना किमोची गरज नसते. ब्रिटनच्या पर्सेफोनी ट्रायलमध्ये चार हजारांवर रुग्णांत ट्रास्टुझुमॅब हे औषध बारा महिन्यांऐवजी सहाच महिने दिले, तरी निष्कर्ष जवळपास तेवढेच चांगले राहिले. हे औषध स्वतःच्या खिशातून घेणाऱ्या कुटुंबाला सहा महिने म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. औषध कंपनी अशा ट्रायलवर पैसे घालणार नाही, हे उघड आहे. त्यामुळे त्या सरकारी पैशावर आणि टाटासारख्या संस्थांमध्येच होतात.

आता शोधाकडे.

भारतातल्या ट्रायल्सची अधिकृत नोंदवही म्हणजे सीटीआरआय, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ती जुलै २००७मध्ये सुरू केली. २००९पासून नव्या औषधांच्या ट्रायलची नोंद सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०१८पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद व्हायला हवी असा दंडक आला. ती कुणालाही फुकट पाहता येते. पण सामान्य माणसाने तिथे ‘ब्रेस्ट कॅन्सर’ टाकून शोधले तर पुढे येणाऱ्या यादीत तो बुडून जाईल. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी कुठल्या नसेला बधिर करावे याचे एमडीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध, नर्सिंग कॉलेजांचे जनजागृतीचे अभ्यास, योग, आयुर्वेद आणि नुसते निरीक्षण करणारे प्रकल्प असे सगळे एकाच रांगेत उभे असते. यात वाईट काही नाही, नोंदवही सर्वांसाठीच आहे. फक्त ती संशोधकांच्या शिस्तीसाठी बनली आहे, रुग्णाच्या सोयीसाठी नाही. शिवाय सगळे इंग्रजीत.

तरी नेमके कुठे पाहायचे हे कळले तर पाच मिनिटांत चाळणी होते. आधी भरतीची स्थिती: ‘ओपन टु रिक्रूटमेंट’ नसेल तर पुढे वाचूच नये. मग ट्रायल हस्तक्षेपाची आहे की निरीक्षणाची. मग केंद्रांची यादी, कारण मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर यांपैकी जवळचे केंद्र आहे की नाही यावर घरचे गणित ठरते. त्यानंतर एथिक्स कमिटीची मंजुरी त्याच केंद्राला मिळाली आहे का. शेवटी सहभागाच्या आणि वगळण्याच्या अटी. प्रत्येक नोंदीत सर्वसामान्यांच्या शंकांसाठी एका व्यक्तीचे नाव, फोन आणि ईमेल दिलेले असते. तो फोन लावायचा संकोच करू नये, तो त्यासाठीच आहे. अमेरिकी सरकारची क्लिनिकलट्रायल्स डॉट जीओव्ही ही २०००पासूनची नोंदवही शोधायला अधिक सोपी आहे, आणि तिच्यात देश भारत निवडता येतो. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या ट्रायल्स दोन्हीकडे सापडतात.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी बायकांना आणखी एक दार आहे. ब्रेस्टकॅन्सरट्रायल्स डॉट ऑर्ग या विनामूल्य सेवेत रुग्ण स्वतःच्या आजाराचा तपशील भरते आणि तिला जुळणाऱ्या ट्रायल्स समोर येतात. मूळ कल्पना हा आजार झालेल्या दोघी स्त्रियांचीच. इकडच्या नातेवाइकांनीही तिची प्रश्नावली एकदा वाचावी. ट्रायल मिळो न मिळो, आपल्या फाइलमध्ये काय काय हवे हे तिच्यावरून चांगले कळते.

आणि खरी अडचण बहुतेक वेळा फाइलमध्येच असते.

तालुक्याच्या गावी गाठ लागते. नर्सिंग होममध्ये ‘साधी गाठ असेल, काढून टाकू’ म्हणून चिरा जातो. काढलेला तुकडा तपासायला जातो, कधी जातही नाही. रिपोर्टमध्ये कर्करोग येतो, पण इआर, पीआर, हर-टू या तीन रिसेप्टरांची तपासणी झालेली नसते. नातेवाईक घाबरून कुणी सुचवलेल्या डॉक्टरकडे पहिली किमो देऊन टाकतात आणि मग मोठ्या रुग्णालयात येतात. इथवर आल्यावर अनेक ट्रायल्सची दारे बंद झालेली असतात. शस्त्रक्रियेआधी औषध देऊन गाठ किती विरघळते हे पाहणाऱ्या ट्रायल्सना अस्पर्शित गाठ लागते. २०१०पासून अमेरिकेत चाललेली आय-स्पाय टू ही ट्रायल अशीच, अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी आणि उपचार न झालेली गाठ असणाऱ्यांसाठी. एक किमो झाली तरी बाद.

तेव्हा चिऱ्याआधी सुईची बायॉप्सी. रिपोर्टच्या कागदासोबत पॅराफिनचा ब्लॉक आणि स्लाइड मागून घेणे, कारण बऱ्याच ट्रायल्स गाठीची पुन्हा तपासणी आपल्याच प्रयोगशाळेत करतात. शस्त्रक्रिया, किमो, रेडिएशन यांच्या तारखा आणि डोस लिहिलेला सारांश. हृदयाच्या टू-डी एकोचा आकडा. हे सगळे एका फाइलमध्ये, तारखेच्या क्रमाने.

हर-टूच्या रिपोर्टकडे जुन्या रुग्णांनीही पुन्हा पाहावे. आधी तो ‘निगेटिव्ह’ म्हणून मिटवला जाई. २०२२मध्ये डेस्टिनी-ब्रेस्ट ०४ या ५५७ रुग्णांच्या ट्रायलने दाखवले, की पसरलेल्या आजारात हर-टू थोडेसेच असणाऱ्या, म्हणजे एक प्लस किंवा दोन प्लस पण फिश चाचणीत निगेटिव्ह अशा रुग्णांनाही ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकानचा फायदा होतो. कालपर्यंत ज्या आकड्याला किंमत नव्हती त्यावर आज औषध आणि ट्रायल दोन्ही ठरतात.

अटींचे स्वरूप साधारण सारखे असते. आजाराची अवस्था, रिसेप्टर, आधी किती प्रकारचे उपचार झाले, मेंदूत पसरला आहे का, गरोदरपण. एक अट असते ती रोजच्या हालचालींची: इसीओजी नावाच्या शून्य ते पाचच्या मापावर बहुतेक ट्रायल्स शून्य किंवा एक मागतात, म्हणजे स्वतःचे सगळे स्वतः करणारी आणि हलकी कामे उरकणारी बाई. दुसरी हिमोग्लोबिनची. आपल्याकडच्या बायकांच्या अंगातले रक्त आधीच कमी, त्यामुळे कित्येक जणी कर्करोगाने नाही तर पांडुरोगाने ट्रायलच्या उंबऱ्यावरून परततात. हे मात्र सुधारता येते, वेळ असला तर.

भारतीय रुग्ण पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा सरासरी सुमारे दहा वर्षांनी लहान असतात आणि तिन्ही रिसेप्टर नसलेल्या ट्रिपल निगेटिव्ह गाठींचे प्रमाण इकडे जास्त आहे. तिकडच्या ट्रायल्सचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलता येत नाहीत ते यामुळे. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुदीप गुप्ता यांच्या गटाने ट्रिपल निगेटिव्हच्या सातशेहून अधिक रुग्णांमध्ये नेहमीच्या किमोला कार्बोप्लॅटिन जोडून पाहिले. डिसेंबर २०२२मध्ये सांगितलेला त्यांचा निकाल असा, की पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांचे आयुष्य त्याने वाढते, पुढच्या वयात तसा फायदा दिसत नाही. जुने, जेनेरिक, जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळणारे औषध. हा प्रश्न इथल्याच बायकांनी आणि इथल्याच डॉक्टरांनी सोडवायचा होता.

‘योग्य’ ट्रायल कोणती, यावर माझे मत एका कसोटीवर येऊन थांबते: कोणतीही चिठ्ठी निघाली तरी आपल्याला चालेल का? लोक नव्या औषधाचे नाव ऐकून ट्रायल निवडतात, पण निम्म्या जणींना ते मिळणारच नसते. म्हणून दुसऱ्या गटाला काय मिळणार, हा पहिला प्रश्न. त्या गटातला उपचार आज ट्रायलबाहेर मिळणाऱ्या चांगल्या उपचाराइतका असेल तर ट्रायल विचार करण्याजोगी. तो कालबाह्य झालेला असेल तर औषध कितीही नवे असो, नको. कर्करोगात नुसती साखरेची गोळी देऊन बसवून ठेवतात, ही भीती बहुतांशी गैरसमजातून आहे. प्लासिबो असलाच तर तो सहसा प्रचलित उपचाराच्या जोडीला असतो.

आपले मन कुठल्या चिठ्ठीकडे झुकते, यावर मात्र फार भरवसा ठेवू नये. निदान होतानाच आजार अंगभर पसरलेल्या ३५० स्त्रियांमध्ये टाटा मेमोरियलने स्तनातली मूळ गाठ काढून आणि न काढता अशी तुलना केली. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ट्रायलच्या वेळी बहुतेक घरांना ‘गाठ तरी काढा’ असेच वाटले असणार. निकालात हयातीच्या काळाचा मध्यक गाठ काढलेल्यांत १९.२ महिने, न काढलेल्यांत २०.५ महिने. शस्त्रक्रियेने आयुष्य वाढले नाही.

एक टोचणारी बाब इथेच सांगतो. ट्रास्टुझुमॅबची जेनेरिकसदृश आवृत्ती मूळ औषधाशी ताडून पाहणाऱ्या ट्रायल्समध्ये दोन्ही गटांना ट्रास्टुझुमॅबच मिळते. ज्या घराला ते विकत घेणे शक्य नाही, तिथे बाईची सही ही संशोधनाला संमती की औषधाची किंमत? याचे स्वच्छ उत्तर कुणाकडे नाही. माझ्या मते अशा वेळी नाइलाजाने का होईना ट्रायल घेणाऱ्या बाईला दोष देऊ नये. दोष औषधाच्या किमतीचा आहे.

पैशाचे नियम तरी पक्के ठाऊक हवेत. तपासले जाणारे औषध विनामूल्य मिळायला हवे, आणि मार्च २०१९च्या नव्या औषधांच्या व क्लिनिकल ट्रायल्सच्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च आणि भरपाई प्रायोजकाकडे. मृत्यू झाल्यास भरपाईच्या सूत्राचा पाया ८ लाख रुपयांचा आहे, त्यात वय आणि मूळ आजाराची तीव्रता धरून रक्कम ठरते. संमतीपत्रकात वारसाचे नाव विचारतात ते यासाठी, ते पाहून घाबरायचे कारण नाही. येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी मिळू शकते, मागावी लागते. मात्र प्रस्थापित उपचारांचीच तुलना करणाऱ्या शैक्षणिक ट्रायलमध्ये नेहमीच्या तपासण्या आणि औषधांचा खर्च रुग्णाच्या किंवा जनआरोग्य योजनेच्या माथी असू शकतो. आधी लेखी विचारावे. आणि तपासणीखालच्या औषधासाठीच कुणी पैसे मागत असेल, तर उठून चालू लागावे.

संमतीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवे, सही केलेली प्रत तुम्हाला मिळायलाच हवी, आणि केव्हाही बाहेर पडता येते, त्यामुळे नेहमीचा उपचार थांबत नाही. घरी नेऊन वाचायला मागा. मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत किमान सात जण असतात, त्यांत एक सामान्य नागरिक आणि एक कायद्याचा जाणकार असतो, निम्मे तरी संस्थेबाहेरचे. तिचा फोन पत्रकावर छापलेला असतो. एक प्रश्न मात्र हमखास विसरला जातो: औषधाचा गुण आला आणि ट्रायल संपली तर पुढे काय? नियमांत ट्रायलनंतरही औषध फुकट मिळण्याची तरतूद आहे, पण अटींसह: दुसरा पर्याय नसावा, डॉक्टरांनी शिफारस करावी आणि कमिटीने मान्य करावे. सही करण्याआधीच हे बोलून घ्यावे.

अंतराचा प्रश्न कायम आहे. गडचिरोलीहून दर तीन आठवड्यांनी परळचे टाटा मेमोरियल गाठायचे, दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत जागा मिळते का बघायची, सोबतच्या माणसाचा रोज बुडवायचा. ट्रायलच्या भेटी नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त असतात. २०१२मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे देशभरची केंद्रे जोडली गेली, आणि एकच ट्रायल अनेक गावांत चालवण्याची वाट मोकळी झाली. तिचा वेग वाढायला हवा. दरम्यान ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राने अमेरिका, ब्रिटन, जपान अशा देशांत मंजूर झालेल्या काही वर्गांतल्या औषधांना इथली ट्रायल माफ केली. औषधे लवकर येतील हे खरे. पण आपल्या चाळिशीतल्या ट्रिपल निगेटिव्ह बाईत ते औषध कसे वागते, याची माहितीही तेवढीच कमी जमेल.

जिल्ह्या-तालुक्याच्या सर्जननी एवढे जरी केले तरी पुष्कळ होईल: स्तनात गाठ सापडली की आधी सुईची बायॉप्सी आणि रिसेप्टर, मग चिरा. आणि घरच्यांनी पहिल्या किमोची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारावे, ‘हिला लागू पडेल अशी एखादी ट्रायल इथे किंवा दुसरीकडे सुरू आहे का?’ उत्तर ‘नाही’ आले तर नेहमीचा उपचार लगेच सुरू करावा, ट्रायलच्या शोधात तो लांबवू नये.